करवीरांतील वेदोक्ताचा वाद व जगद्गुरूंचीं पीठें

करवीर दरबारच्या दोन आज्ञा या लेखास निमित्त आहेत. पहिली इ. स. १९०२ च्या मे महिन्यांतील. तिच्या योगें छत्रपति शाहू महाराजांनीं आपल्या वंशपरंपरागत राजोपाध्यायांचें वतन खालसा केलें. दुसरी १९२० सालची. तिच्या योगें त्याच महाराजांनीं मराठा समाजासाठीं एक नवा धर्मगुरु निर्माण केला व त्यास क्षात्रजगद्गुरु ही पदवी दिली. एका आज्ञेनें गुरु गेला, दुसरीनें गुरु आला. दोहोंमागची सत्ता एकच. या अठरा वर्षांच्या वादाची हकीकत आजवर बहुधा दोन पक्षांच्या वकिलांनीं लिहिली आहे, आणि वकिलाचा धर्मच असा कीं प्रतिपक्षाचें न्यून तेवढें दाखवावें. आम्हीं येथें निराळा प्रश्न विचारण्याचें योजिलें आहे. धर्माधिकाऱ्यास अधिकार कोणाकडून मिळतो, आणि तो त्याच्याकडून परत घेण्याची शक्ति कोणापाशीं असते? लोकसत्ताक राज्यांत राहणाऱ्या मनुष्यास हा प्रश्न एखाद्या वतनाच्या भवितव्याहून अधिक जवळचा आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ सांगणें अवश्य आहे, कारण आजच्या पिढीस तो ठाऊक असेलच असें नाहीं. वेदांतील मंत्रांनीं केलेलें कर्म तें वेदोक्त; पुराणांतील श्लोकांनीं केलेलें तें पुराणोक्त. सामान्य श्रोत्यास दोन्ही संस्कृतच वाटतात, आणि स्नानाच्या वेळीं भटजी काय पुटपुटत आहेत हें बहुतेक यजमानांस कळत नाहीं. ज्याचा कान उदात्त व अनुदात्त या स्वरांस सरावला आहे, त्यास मात्र पहिल्याच चरणांत भेद समजतो. परंतु हा भेद केवळ पठणाचा नाहीं. वेदोक्त कर्म उपनयनाचा संस्कार झालेल्या त्रैवर्णिकांनीं करावें, पुराणोक्त इतरांनीं, अशी व्यवस्था सांगितली जात असे. म्हणून यजमानापुढें कोणते मंत्र म्हटले गेले यावरून त्याचा वर्ण ठरे. महापद्म नंदानें क्षत्रियांचा उच्छेद केला व त्याच्या पुढील राजे शूद्र होतील, असें विष्णुपुराणांत भविष्यरूपानें सांगितलें आहे. त्याचा आधार घेऊन कलियुगांत ब्राह्मण आणि शूद्र हे दोनच वर्ण उरले, असें मत दक्षिणेंत रूढ झालें. मत रूढ झालें म्हणजे सर्वमान्य झालें असें नव्हे. निबंधकारांत याविषयीं एकवाक्यता नव्हती, आणि ज्यास जें वचन हवें त्यास तें शोधल्यास सांपडत होतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. ग्रंथांनीं या वादाचा निकाल लागला नाहीं. तो कशानें लागला हें पुढें दिसेल.

ग्रंथ दुहेरी असतांना राजा व पंडित कसे वागतात, याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रायगडावरील आहे. शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध चतुर्थीस शिवाजी महाराजांची मुंज झाली. त्या वेळीं त्यांचें वय चव्वेचाळीस वर्षांचें होतें. पुढें ६ जून १६७४ रोजीं वैदिक मंत्रांनीं राज्याभिषेक झाला. विधि सांगणारे गागाभट्ट हे काशीच्या भट्ट घराण्यांतील, निर्णयसिंधुकार कमलाकरभट्टांचे पुतणे, स्वतः मोठे मीमांसक. त्यांच्या योग्यतेविषयीं शंका घेण्याचें कोणास कारण नव्हतें. तरी अवघ्या साडेतीन महिन्यांनीं, २४ सप्टेंबर १६७४ रोजीं, निश्चलपुरी गोसावी यांच्या सांगण्यावरून त्याच महाराजांवर तांत्रिक पद्धतीनें दुसरा अभिषेक झाला. पहिल्या विधींत देवतांचा मान राहिला नाहीं म्हणून अपशकुन घडले, असें गोसाव्यांच्या पक्षाचें म्हणणें. जिजाबाईसाहेब राज्याभिषेकानंतर बारा दिवसांच्या आंत निवर्तल्या, हेंही त्या पक्षानें पुरावा म्हणून पुढें केलें. पुत्राच्या शोकाचा असा उपयोग करणें आम्हांस रुचत नाहीं, पण तो मुद्दा निराळा. महाराजांनीं दोघांचेंही ऐकलें, दोघांचाही सत्कार केला, आणि राज्यकारभाराची दोरी मात्र दोघांपैकीं कोणाच्याही हातीं दिली नाहीं. धर्मखात्याचें काम अष्टप्रधानांतील पंडितराव पाहत. तें पद पगारी होतें, आणि बापाकडून मुलाकडे आपोआप जाणारें नव्हतें. पंडितरावांचा अधिकार कोणी दिला व तो कोण काढूं शकतो, याविषयीं रायगडावर संशय नव्हता.

पुढें शंभर वर्षांत सर्वच पदें वतनें झालीं. पेशवाई वतन झाली, सेनापतिपद वतन झालें. मग पौरोहित्यानें मागें कां राहावें? वतन एकदां झालें कीं तें देणाऱ्याची स्मृति पुसट होते व घेणारा त्यास आपला जन्मसिद्ध हक्क समजूं लागतो. सातारच्या प्रतापसिंह महाराजांच्या कारकीर्दींत, म्हणजे १८१८ ते १८३९ या काळांत, वेदोक्ताचा प्रश्न पुनः उठला. प्रथम तो चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या संबंधानें होता, नंतर खुद्द भोसले कुळाच्या संबंधानें. शास्त्रांच्या सभा भरल्या, निवाडे झाले, प्रतिनिवाडे झाले. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन विरुद्ध बाजूस होते. प्रतापसिंहांस १८३९ त इंग्रजांनीं पदच्युत केलें तें भलत्याच आरोपांवरून, आणि हा वाद तेथें अर्धवट राहिला.

आतां कोल्हापूर. १८९९ च्या कार्तिकांत महाराज पंचगंगेवर स्नानास जात असत. तेथें त्यांचे उपाध्याय पुराणोक्त मंत्र म्हणत आहेत व स्वतः स्नानही न करतां आले आहेत, ही गोष्ट राजारामशास्त्री भागवत यांनीं महाराजांच्या निदर्शनास आणिली, असें सांगतात. विचारणा केली तेव्हां उत्तर मिळालें त्याचा भावार्थ असा कीं, शूद्रासाठीं पुराणोक्त म्हणावयाचें असल्यामुळें स्नानाची जरूर नाहीं. ही आख्यायिका अनेकांनीं तिखटमीठ लावून सांगितली आहे. तिचा कोणता शब्द खरा व कोणता मागाहून भरलेला, या शोधांत आम्ही शिरत नाहीं. अपमान नदीकांठीं झाला असो वा देवघरांत, वादाचें बीज तेवढ्यांत नव्हतें. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९६ तच आपल्या राजवाड्यांत वेदोक्त सुरू केलें होतें, आणि तेथें जें झालें तें करवीरास होऊं नये असें छत्रपतींच्या गादीवरील पुरुषास वाटण्याचें कांहीं कारण नव्हतें.

महाराजांनीं राजोपाध्यायांस वेदोक्त पद्धतीनें कर्में करण्यास सांगितलें. राजोपाध्यायांनीं तें नाकारलें. १९०१ च्या श्रावणींत नारायणभट्ट सेवेकरी यांनीं राजवाड्यांतील विधि वेदोक्त पद्धतीनें केला, व त्याबद्दल त्यांस स्वजातीयांचा रोष सोसावा लागला. आक्टोबरांत केसरीनें 'वेदोक्ताचें खूळ' या मथळ्याखालीं अग्रलेख लिहिले. दरबारनें समिति नेमली. तिनें दफ्तर चाळून करवीरच्या छत्रपतींस वेदोक्ताचा अधिकार आहे असा अभिप्राय १९०२ च्या एप्रिलांत दिला, आणि पुढील महिन्यांत वतन खालसा झालें. राजोपाध्यायांचें गाऱ्हाणें मग पोलिटिकल एजंट, मुंबई सरकार, हिंदुस्थान सरकार अशा पायऱ्या चढत गेलें. कोठेंही त्यास यश आलें नाहीं.

या प्रकरणांतील कागद वाचतांना एक गोष्ट डोळ्यांत भरते. वाद धर्माचा म्हणून सुरू झाला, परंतु निकालाच्या वेळीं तो इनामाच्या कायद्याचा झाला. एका पक्षाचें सार असें: वतन आमच्या पूर्वजांस मिळालें, कर्म पूर्वापार अमुक रीतीनें चालत आलें, त्यांत बदल करण्यास आम्ही बांधलेले नाहीं. दुसऱ्या पक्षाचें सार असें: वतन चाकरीबद्दल आहे, चाकरी नाहीं तर वतन नाहीं. श्रुतीचा अर्थ काय, स्मृतीचा काय, हें दोन्हीं बाजूंनीं भरपूर लिहिलें गेलें; पण तें सर्व बाजूस सारून शेवटीं एक गोरा अधिकारी टेबलावर बसून चाकरी-इनामाचे नियम पाहतो व निर्णय देतो. क्षत्रिय कोण, हा प्रश्न ज्याच्या दृष्टीनें अर्थशून्य होता, त्याच्या लेखणीनें तो बंद झाला.

राजोपाध्यायांच्या बाजूनें बोलण्यासारखें जें आहे तें आम्ही टाळीत नाहीं. पुरोहितास जें कर्म अशास्त्र वाटतें तें करण्यास राजानें त्यास भाग पाडावें काय? नाहीं, असेंच आमचें उत्तर आहे. मनोदेवतेचें स्वातंत्र्य हें लोकशाहीचें पहिलें धन. तें सुधारकास हवें तसें सनातन्यासही हवें. आप्पासाहेब राजोपाध्ये यांनीं, 'मला हें कर्म पटत नाहीं, हें घ्या तुमचें वतन,' असें म्हणून राजवाड्याची पायरी सोडली असती, तर आज त्यांच्या मताशीं विरोध असलेलाही मनुष्य त्यांच्यापुढें मान लववील. पण तसें घडलें नाहीं. नकार श्रद्धेच्या नांवानें आणि हक्क इनामाच्या नांवानें, असे दोन पाय दोन डगरींवर ठेवून ते उभे राहिले. ज्या यजमानास शूद्र म्हणावयाचें त्याचेंच अन्न खाण्याचा वंशपरंपरागत अधिकारही सांगावयाचा, हें शास्त्रांत बसत असल्यास आम्हांस ठाऊक नाहीं. लोकमान्यांसारख्या पुरुषानें या बाजूस आपली लेखणी द्यावी याचें आम्हांस आजही वैषम्य वाटतें. स्वराज्याचा अर्थ ज्यांनीं देशास शिकविला, त्यांस घाटावरच्या त्या अपमानांत स्वराज्याचाच प्रश्न आहे हें दिसूं नये, हा कालाचा महिमा म्हणावा.

दरबारची बाजूही निर्दोष म्हणतां येत नाहीं. महाराज या प्रकरणांत वादी होते, समितीचे नेमणारे होते, आणि निकाल देणारेही होते. स्वतःच्या खटल्यांत स्वतः न्यायाधीश होऊं नये हा नियम राजास लागू नसतो, हेंच तर राजसत्तेचें लक्षण. याहून अधिक बोलकी गोष्ट शंकराचार्यांच्या मठाची. संकेश्वर-करवीर मठाचे भिलवडीकर स्वामी यांनीं दरबारच्या संमतीवांचून ब्रह्मनाळकर यांस शिष्य म्हणून घेतलें. दरबारनें १९०३ त मठाचें उत्पन्न जप्त केलें. पुढें दोन वर्षांनीं मठानें छत्रपतींचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला. जप्तीनंतर आलेल्या या मान्यतेस कोणी धर्मनिर्णय म्हणेल, कोणी तह म्हणेल. आमच्या मतें ती जप्तीची पावती होती. परंतु यांत मठाचा दोष दरबाराहून मोठा आहे. जें मत उत्पन्न बंद होतांच बदलतें, तें उत्पन्न चालू असतांना ज्ञानावर आधारलेलें होतें असें तरी कशावरून म्हणावें? सर्वसंगपरित्याग केलेल्या यतीस जहागीर दिली कीं त्याची दोरी देणाऱ्याच्या हातीं जाते; मग तो देणारा छत्रपति असो, पेशवा असो कीं आणखी कोणी असो.

हा वाद एका कुळाच्या मानापमानाचा होता, त्यांत रयतेचें काय, असा आक्षेप तेव्हांही घेतला गेला. त्याचें उत्तर महाराजांनीं शब्दांनीं दिलें नाहीं, कृतीनें दिलें. १८९४ त राज्यसूत्रें हातीं आलीं तेव्हां दरबारच्या सामान्य कारभारांतील ७१ जागांपैकीं ६० जागा एकट्या ब्राह्मण जातीकडे होत्या. वतन खालसा झाल्यानंतर तीन महिने होण्याच्या आंतच, २६ जुलै १९०२ रोजीं, महाराज स्वतः विलायतेंत असतांना करवीरच्या गॅझेटांत आज्ञा प्रसिद्ध झाली कीं, यापुढें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निदान पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्या. नदीकांठच्या मंत्राची आणि कचेरींतील कारकुनीची सांगड काय, असें वरवर पाहणारास वाटेल. सांगड अशी कीं, दोन्हीं ठिकाणीं अक्षर एकाच वर्गाच्या हातीं होतें. ज्यास मंत्राचा अर्थ कळत नाहीं त्यास सारापावतीचाही कळत नाहीं, आणि दोन्हींबद्दल त्यास दक्षिणा मात्र द्यावी लागते. १९१३ त कोल्हापुरांत विठ्ठलराव डोणे यांच्या देखरेखीखालीं सत्यशोधक शाळा निघाली व तेथें ब्राह्मणेतर तरुणांस धर्मकृत्यें शिकविण्यांत येऊं लागलीं. १९१७ त प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत झालें. छत्रपतींस वेदोक्त मिळालें त्यानें एका घराण्याचें समाधान झालें. खेड्यांतल्या कुणब्याच्या पोरास धुळाक्षरें मिळालीं, हें त्या मानानें कितीतरी मोठें काम, आणि त्यास कोणत्याही पीठाची संमति लागली नाहीं. सारा जन्म फळ्यापुढें घालविलेल्या माणसाचा हा पक्षपात आहे, असें वाचकांस वाटल्यास आमची हरकत नाहीं.

मग ज्या महाराजांस शाळेचें सामर्थ्य इतकें कळलें होतें, त्यांस नवें धर्मपीठ निर्माण करण्याची गरज कां वाटली? करवीरच्या जुन्या पीठावर १९१७ च्या सुमारास डॉ. कुर्तकोटी आले. ते इंग्रजी विद्या घेतलेले, नव्या विचारांचे, आणि दरबारचें पाठबळ असलेले असे होते. तरी तेवढ्यानें महाराजांचें समाधान झालें नाहीं हें पुढील घटनेवरून उघड आहे. १९२० त बेनाडीकर पाटील घराण्यांतील सदाशिवराव या तरुण, विद्वान् गृहस्थांची क्षात्रजगद्गुरु म्हणून निवड झाली, आणि नोव्हेंबर महिन्यांत भुदरगड भागांतील पाटगांव येथें मौनी महाराजांच्या मठांत त्यांस पीठावर बसविण्यांत आलें. स्थळाची निवड मोठी मार्मिक होती. शिवाजी महाराजांनीं दक्षिणदिग्विजयास निघतांना ज्या साधूचें दर्शन घेतलें अशी परंपरा सांगते, त्याचा हा मठ. इतर पंथांस व धर्मांस आपापले गुरु आहेत, मराठ्यांनींच परक्याच्या दारीं कां तिष्ठावें, असा दरबारचा युक्तिवाद होता, आणि तो सर्वस्वी टाकाऊ नव्हता.

तथापि या कृत्यावर पहिली टीका सनातन्यांकडून यावी त्याऐवजीं सत्यशोधक मंडळींतूनही आली, ही गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. देव आणि भक्त यांच्यामध्यें दलाल नको, हें जोतीराव फुल्यांनीं १८७३ त स्थापिलेल्या समाजाचें आद्य तत्त्व. जुना दलाल घालवून तेथें स्वजातीचा दलाल बसविल्यानें तें तत्त्व सिद्ध होतें काय? हा आक्षेप आम्हांस आजही निरुत्तर करणारा वाटतो. महाराजांचे चाहते म्हणतात कीं, लोकांची श्रद्धा एकदम सुटत नाहीं, तिला मधली पायरी लागते. असेलही. पण पायरी कोणीं बांधिली? नव्या जगद्गुरूंस छत्रपतींनीं नेमिलें. काढावयाचें झाल्यास छत्रपतिच काढूं शकत. ज्या समाजाचे ते गुरु, त्या समाजाची सभा भरली नाहीं, त्याचें मत घेतलें नाहीं. ब्राह्मणाच्या मक्तेदारींतून धर्म सुटला व राजाच्या आज्ञेंत गेला. यजमान होता तेथेंच हात जोडून उभा.

योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या अखेरीस शेजारच्या ब्रिटिश मुलखांत नव्या सुधारणांप्रमाणें कायदेमंडळाच्या निवडणुकी झाल्या. मुंबई इलाख्यांत मराठा व तत्सम जातींसाठीं सात जागा राखून ठेवल्या होत्या. मताचा अधिकार फार थोड्यांस होता, कायदेमंडळाचे अधिकारही तोकडे होते. तरी सातारा जिल्ह्यांतील ज्या शेतकऱ्यानें त्या वेळीं मत दिलें, त्यानें आपला पुढारी स्वतः निवडला व पुढील खेपेस तो न निवडण्याचा हक्क आपल्यापाशीं राखला. पाटगांवच्या मठापुढें जमलेल्या रयतेस असा हक्क नव्हता. १९२२ च्या मे महिन्यांत शाहू महाराज निवर्तले, आणि पीठाचें तेज राजाच्या आयुष्याबरोबरच ओसरूं लागलें. लोक वसतिगृहांकडे गेले, सभांकडे गेले, पुढें १९३९ त माधवराव बागल यांच्या प्रजापरिषदेकडे गेले. गादीनें दिलेला गुरु गादीवांचून टिकला नाहीं. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झाल्यावर मूळ गादीचीही राजसत्ता संपली.

यावरून कोणी असें म्हणेल कीं, राजे गेले व मतपेटी आली, तेव्हां धर्मगुरूंचा राज्याशीं संबंध आपोआप सुटला. इतिहासाचा अनुभव तसा नाहीं. पूर्वी गुरु राजाच्या कानीं लागत असे. आतां मतदार हाच राजा झाला, तेव्हां त्याच्या कानीं लागण्याची सोय झाली. हें स्वतंत्र भारताच्या दुसऱ्याच सार्वत्रिक निवडणुकींत दिसून आलें. आमचें उदाहरण महाराष्ट्राबाहेरचें आहे, पण मुद्दा तोच असल्यामुळें तें येथें घेतों. १९५७ त पंजाबांतील शिरसा मतदारसंघांत नामधारी पंथाच्या गुरूंनीं, अमक्या उमेदवारास मत द्यावें, असा आपल्या अनुयायांस हुकूम काढिला. तो उमेदवार निवडून आला. प्रतिपक्ष न्यायालयांत गेला, आणि १९५९ त सर्वोच्च न्यायालयानें ती निवडणूक रद्द करण्याचा निर्णय कायम केला. न्यायालयानें केलेला भेद सूक्ष्म व आमच्या मतें फार योग्य आहे. धर्मगुरु हाही नागरिक आहे. त्यानें आपलें मत सांगावें, प्रचारही करावा. पण अनुयायास दुसरा मार्गच उरूं नये, न ऐकल्यास पाप लागेल असें भय पडावें, अशा भाषेनें जेव्हां तो बोलतो, तेव्हां तो उपदेश राहत नाहीं. तो गैरवाजवी दाब होय. मीमांसकांच्या परिभाषेंत सांगावयाचें तर अर्थवाद करण्यास गुरु मोकळा आहे, मतपत्रिकेच्या बाबतींत विधि सांगण्यास मोकळा नाहीं. गागाभट्टांस हा भेद समजावून सांगावा लागला नसता.

महाराष्ट्रांत राजोपाध्यायांच्या प्रकरणाशीं खरोखर तुलना करण्यासारखी गोष्ट पंढरपुरास घडली. तेथें विठ्ठलाच्या मंदिरांत बडवे, रुक्मिणीच्या मंदिरांत उत्पात, आणि त्यांशिवाय पुजारी, बेणारी, परिचारक इत्यादि सात सेवाधारी घराणीं, यांचे वंशपरंपरागत हक्क होते. देवापुढें येणाऱ्या उत्पन्नाचा आपसांत लिलाव होत असे. लाखों वारकरी शेकडों मैल चालत येत. मंदिराच्या व्यवस्थेंत त्यांचा शब्द नव्हता. अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्यांस तर महाद्वाराच्या आंत पाऊल नव्हतें. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं उपोषण केलें तेव्हां तें दार उघडलें. हक्कांचा प्रश्न मात्र राहिला. १९६८ त सरकारनें नाडकर्णी यांचें कमिशन नेमलें. त्याच्या अहवालानंतर १९७३ त कायदेमंडळानें पंढरपूर मंदिरांचा कायदा संमत करून हे सर्व हक्क नष्ट केले. बडव्यांनीं न्यायालयांत दाद मागितली. १९८५ त मंदिराचा ताबा समितीकडे आला, दावे चालूच राहिले, आणि सर्वोच्च न्यायालयानें शेवटचा निकाल दिला तो २०१४ च्या जानेवारींत.

करवीरास जें काम एका महिन्यांत झालें त्यास पंढरपुरास चाळीस वर्षें लागलीं. लोकशाहीच्या दिरंगाईस हसणारांस हें उदाहरण आयतेंच सांपडेल. परंतु त्या चाळीस वर्षांत काय काय घडलें पहा. साक्षी झाल्या, बडव्यांचें म्हणणें प्रत्येक पायरीवर ऐकलें गेलें, कायदा करणाऱ्या सभासदांस दर पांच वर्षांनीं वारकऱ्यांच्याच दारीं मतें मागावयास जावें लागलें. हक्क काढून घेणारा कोणी एक यजमान नव्हता, आणि त्याच्या कुळाचा मान त्यांत गुंतलेला नव्हता. राजोपाध्यायांस दाद मागण्यासाठीं परक्या सरकारच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. बडव्यांस आपल्याच राज्यघटनेचा आश्रय घेतां आला, व ते हरले तेही तिच्याच आधारें.

आणखी एक भेद राहिला. १९०२ त राजोपाध्यायांच्या जागीं कोण, हें महाराजांनीं ठरविलें; १९२० त जगद्गुरु कोण, हेंही त्यांनींच. पंढरपुरास २०१४ च्या निकालानंतर मंदिर समितीनें पूजेच्या जागांसाठीं वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. जातीची अट त्यांत नव्हती. त्या वर्षीं मे महिन्यांत मुलाखती झाल्या, आणि मुलाखतीस आलेल्यांत ब्राह्मणेतर होते, स्त्रियाही होत्या.